महाविद्यालयीन ई-मेल सर्व्हरवरील स्पॅम-नियंत्रण : वापरकर्तानिहाय निवडीची रचना

सारांश

ई-मेल हे महाविद्यालयाच्या शैक्षणिक व प्रशासकीय व्यवहाराचे प्रमुख साधन झाले आहे. त्याबरोबरच नको असलेल्या संदेशांचा, म्हणजेच स्पॅमचा, उपद्रवही वाढला आहे. बहुतांश ठिकाणी संपूर्ण संस्थेसाठी स्पॅम-नियंत्रणाचा एकच नियम ठेवला जातो. परंतु एका प्राध्यापकाला निरुपयोगी वाटणारा संदेश दुसऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असू शकतो. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची निवड ठरविता यावी यासाठी सर्व्हरवर कोणती रचना करावी लागते, त्यामागील तत्त्व काय आहे आणि मराठी मजकुराच्या संदर्भात कोणती दक्षता घ्यावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : ई-मेल सर्व्हर, स्पॅम, स्पॅमअसॅसिन, बेझ-पद्धती, देवनागरी, युनिकोड

प्रस्तावना

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. त्यानंतरच्या काळात विद्यापीठांची परिपत्रके, परीक्षा विभागाच्या सूचना, चर्चासत्रांची निमंत्रणे आणि शिष्यवृत्तीविषयक पत्रव्यवहार हळूहळू टपालाकडून ई-मेलकडे वळला. बेंबळीसारख्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने हा बदल विशेष महत्त्वाचा आहे. विद्यापीठाच्या मुख्य परिसरात वारंवार जाणे शक्य नसल्याने जे कळते ते ई-मेलद्वारेच कळते. अशा वेळी एखादे पत्र स्पॅमच्या फोल्डरमध्ये अडकून पडले, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. प्रश्नपत्रिका तयार करण्याची मुदत निघून जाते, विद्यार्थ्याचा अर्ज राहून जातो आणि पत्र आले होते हे कोणालाच कळत नाही.

स्पॅमचा इतिहास ई-मेलइतकाच जुना म्हणावा लागेल. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आपल्या संगणकाची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठविली. ही घटना पहिला ई-मेल स्पॅम मानली जाते. आज या उपद्रवाने निराळे रूप घेतले आहे. प्राध्यापकवर्गाच्या वाट्याला येणारा स्पॅम मुख्यतः ‘शोधनिबंध पाठवा, चार दिवसांत प्रकाशित करू’ अशा आमंत्रणांचा असतो.

उद्दिष्टे

१. सर्वांसाठी एकच नियम ठेवण्याच्या पद्धतीतील त्रुटी स्पष्ट करणे.
२. स्पॅम-नियंत्रणातील गुणदान पद्धतीचा परिचय करून देणे.
३. वापरकर्तानिहाय निवड साठविण्याची व लागू करण्याची रचना समजावून देणे.
४. मराठी मजकुराच्या संदर्भातील विशेष अडचणी व उपाय मांडणे.

एकच नियम सर्वांना का पुरत नाही?

स्पॅम-नियंत्रणात दोन प्रकारच्या चुका संभवतात. नको असलेला संदेश आत येणे ही पहिली, तर हवा असलेला संदेश अडविला जाणे ही दुसरी चूक होय. या दोहोंचे वजन सारखे नाही. पहिल्या चुकीने वाचकाचे काही क्षण वाया जातात, दुसऱ्या चुकीने संधी हातची जाते. पहिली चूक डोळ्यांसमोर असते, दुसरी मात्र नजरेस पडत नाही. त्यामुळे तक्रारी नेहमी पहिल्या चुकीच्या येतात आणि व्यवस्थापक नियम अधिकाधिक कडक करीत जातो. त्यातून होणाऱ्या नुकसानाची नोंद कोठेच होत नाही.

शोधनिबंधाच्या आमंत्रणांचेच उदाहरण घेता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीचे चिकित्सक विश्लेषण भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असू शकतात, असे त्यात दिसून आले. त्याच वर्षी आयोगाने ‘केअर’ ही यंत्रणा उभी केली व तिच्या कामात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मोठा सहभाग राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्था व प्राध्यापक यांच्यावर अधिक येऊन पडली आहे.

जे काम तज्ज्ञांच्या समितीलाही सोपे गेले नाही, ते सर्व्हरवरील एका नियमाने होईल ही अपेक्षा रास्त नाही. ‘शोधनिबंध’ हा शब्द असलेले प्रत्येक पत्र अडविले तर खोट्यासोबत खरेही अडते. सोडले तर सर्वच आत येते. नियतकालिकाचे संपादन करणाऱ्या प्राध्यापकाला असे प्रत्येक पत्र पाहावे लागते, तर नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकाला त्यांपासून संरक्षण हवे असते. म्हणून निवडीचा अधिकार ज्याचे पत्र आहे त्याच्याकडे जाणे आवश्यक ठरते.

गुणदान पद्धती

मुक्त आज्ञावलींपैकी ‘स्पॅमअसॅसिन’ ही या क्षेत्रातील दीर्घकाळ वापरात असलेली आज्ञावली आहे. जस्टिन मेसन यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली व २००४ पासून ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प आहे. तिची कार्यपद्धती प्राध्यापकवर्गास परिचित अशीच आहे. परीक्षक ज्याप्रमाणे उत्तरपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नास गुण देतो, त्याप्रमाणे ही आज्ञावली संदेशाची अनेक कसोट्यांवर तपासणी करून प्रत्येक कसोटीस गुण देते. संशयास्पद लक्षणास धन गुण व विश्वासार्ह लक्षणास ऋण गुण मिळतात. त्यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेइतकी किंवा त्याहून अधिक झाली की संदेशावर ‘स्पॅम’ अशी खूण केली जाते. मूळ मर्यादा ५ गुणांची आहे.

येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. स्पॅमअसॅसिन स्वतः कोणताही संदेश नष्ट करीत नाही किंवा हलवीत नाही. ती संदेशाच्या शीर्षभागात गुणांची नोंद करते. त्या नोंदीचे पुढे काय करावयाचे, हे काम दुसऱ्या घटकाचे आहे.

वापरकर्तानिहाय निवडीचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला प्रकार मर्यादेचा. समजा, एका संदेशास ४.२ गुण मिळाले. ज्या प्राध्यापकाने ५ ही मर्यादा ठेवली आहे त्याला तो नेहमीच्या पेटीत दिसेल, ज्याने ३.५ ठेवली आहे त्याच्याकडे तो स्पॅम ठरेल. दुसरा प्रकार स्वीकार्य व अस्वीकार्य प्रेषकांच्या यादीचा. स्वीकार्य यादीतील प्रेषकास १०० ऋण गुण मिळतात, त्यामुळे त्याचे पत्र सहसा अडत नाही. तिसरा प्रकार विशिष्ट कसोटीचे गुण कमी-अधिक करण्याचा होय.

निवड कोठे साठवावी?

निवड साठविण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. ज्या सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र खाते व स्वतंत्र फोल्डर असतो, तेथे त्याच फोल्डरमध्ये निवडीची एक छोटी फाईल ठेवता येते. परंतु महाविद्यालयाच्या ई-मेल सर्व्हरवर वापरकर्त्यांची अशी खाती सहसा नसतात. ते केवळ ई-मेलचे वापरकर्ते असतात. अशा ठिकाणी विदागार, म्हणजेच डेटाबेस, वापरणे श्रेयस्कर होय.

विदागारातील तक्ता अत्यंत साधा असतो. त्यात वापरकर्त्याचे नाव, निवडीचे नाव व तिचे मूल्य असे तीन महत्त्वाचे स्तंभ असतात. संदेश तपासणीसाठी येतो तेव्हा तो कोणत्या वापरकर्त्यासाठी आहे हे नाव तपासणी यंत्रणेस कळविले जाते. ती प्रथम संस्थेचे सर्वसामान्य नियम वाचते आणि नंतर त्या व्यक्तीच्या नावावरील नोंदी वाचते. मर्यादेसारखी एकच मूल्य असणारी निवड दोनदा आढळली, तर शेवटी वाचलेली ग्राह्य धरली जाते. म्हणून वाचनाचा क्रम हाच येथे अधिकाराचा क्रम ठरतो.

हा क्रम नावांच्या वर्णक्रमाने लागतो आणि येथेच एक चूक सहज घडते. सर्वसामान्य नियमांच्या नोंदीचे प्रचलित नाव ‘अ‍ॅट’ या चिन्हाने सुरू होते. संगणकीय संकेतावलीत त्याचा क्रमांक ६४ आहे, तर इंग्रजी लहान अक्षरांचा क्रमांक ९७ पासून पुढे आहे. त्यामुळे सर्वसामान्य नियम आधी व व्यक्तीचे नंतर हा योग्य क्रम आपोआप लागतो. परंतु संपूर्ण डोमेनसाठी टक्का चिन्हाने सुरू होणारी नोंद घातली, तर तिचा क्रमांक ३७ असल्याने ती सर्वात आधी वाचली जाते आणि सर्वसामान्य नियम तिला मागे सारतो. अशा वेळी सर्वसामान्य नोंदीचे नाव डॉलर चिन्हाने, म्हणजे क्रमांक ३६ ने, सुरू करावे लागते.

प्राध्यापकाने थेट विदागार हाताळावा अशी अपेक्षा करता येत नाही. ‘राउंडक्यूब’ या वेबमेल आज्ञावलीस ‘एसएयूजरप्रेफ्स’ हा पूरक भाग जोडल्यास मर्यादा, याद्या व अन्य निवडी एका साध्या पानावरून बदलता येतात. केलेला बदल थेट त्या तक्त्यात नोंदविला जातो.

निवड कोणत्या टप्प्यावर लागू करावी?

ही रचना करताना सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो. एकच संदेश अनेकांना पाठविला असता तो बहुधा सर्व्हरकडे एकदाच येतो. त्यासोबत प्राप्तकर्त्यांची नावे अनेक असली तरी मजकूर एकच असतो. संदेश दारातच तपासला, तर पाच जणांपैकी कोणाची निवड लावावी हा प्रश्न उभा राहतो. एकाच्या नियमानुसार संपूर्ण संदेश नाकारला, तर उर्वरित चौघांचे पत्र जाते.

यावर दोन उपाय आहेत. तपासणीकडे जाणाऱ्या मार्गावर एका वेळी एकच प्राप्तकर्ता पाठविण्याची मर्यादा घालता येते. ‘पोस्टफिक्स’ या सर्व्हरमध्ये तशी सोय आहे. तसे केल्यास संदेशाच्या पाच प्रती होतात व प्रत्येक प्रत त्या-त्या व्यक्तीच्या नियमाने तपासली जाते. सर्व्हरवरील भार वाढतो, परंतु महाविद्यालयाच्या आकारमानात तो सहन होण्यासारखा असतो. दुसरा उपाय म्हणजे तपासणी एकदाच करून गुण नोंदवावेत आणि त्या गुणांचा अर्थ प्रत्येकाच्या पेटीच्या दारात लावावा. या उपायात मर्यादा वेगवेगळी ठेवता येते, परंतु याद्या व शिकविलेली माहिती यांचा लाभ व्यक्तिनिहाय मिळत नाही.

खूण झालेल्या संदेशाचे वर्गीकरण ‘सीव्ह’ या भाषेतील नियमांनी केले जाते. तिचे सध्याचे प्रमाण २००८ मध्ये ठरले. ‘डव्हकॉट’ या सर्व्हरवर ती वापरता येते. शीर्षभागात स्पॅमची खूण असल्यास संदेश स्पॅम फोल्डरमध्ये ठेवावा, एवढा एकच नियम प्रारंभी पुरेसा असतो. संदेश नष्ट करण्याचा नियम मात्र घालू नये. तसेच संदेश स्वीकारल्यानंतर प्रेषकास नकाराचे पत्रही पाठवू नये. स्पॅममधील प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असल्याने ते पत्र एखाद्या निरपराध व्यक्तीस जाते आणि संस्थेचा सर्व्हरच उपद्रव देणारा ठरतो.

बेझ-पद्धती व वैयक्तिक शिक्षण

अठराव्या शतकातील गणिती थॉमस बेझ यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील तत्त्वाचा स्पॅम-नियंत्रणासाठी वापर पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधील लेखामुळे सर्वत्र पोहोचला. एखादा शब्द स्पॅममध्ये किती वेळा व खऱ्या पत्रांत किती वेळा येतो, यावरून नव्या संदेशाचा अंदाज बांधणे हे या पद्धतीचे सार आहे.

वैयक्तिक शिक्षणाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. प्राध्यापक ‘अ’ यांच्या २०० स्पॅम संदेशांपैकी ६० मध्ये व २०० खऱ्या पत्रांपैकी २० मध्ये ‘शोधनिबंध’ हा शब्द आढळतो. म्हणजे प्रमाण अनुक्रमे ०.३ व ०.१ झाले. यावरून शब्दाची स्पॅमकडे झुकणारी संभाव्यता ०.३ भागिले ०.४, म्हणजे ०.७५ येते. प्राध्यापक ‘ब’ हे संपादक असल्याने त्यांच्याकडे स्थिती नेमकी उलट आहे. स्पॅममध्ये २० व खऱ्या पत्रांत ६०. त्यांच्यासाठी संभाव्यता ०.२५ येते. आता दोघांची माहिती एकत्र केली तर ४०० स्पॅम संदेशांत ८० व ४०० खऱ्या पत्रांत ८० असे प्रमाण होऊन संभाव्यता ०.५ येते. म्हणजे हा शब्द कोणालाच काही सांगत नाही. दोघांनीही प्रामाणिकपणे शिकविलेली माहिती एकत्र केल्याने पुसली गेली.

प्रत्यक्षात स्पॅमअसॅसिनची ही कसोटी किमान २०० स्पॅम व २०० खरी पत्रे शिकविल्याशिवाय कार्यान्वित होत नाही. अनेक जण केवळ स्पॅम शिकवितात व खरी पत्रे शिकविण्याचे विसरतात. परिणामी कसोटी सुरूच होत नाही. ज्यांच्याकडे पत्रव्यवहार कमी आहे त्यांना ही संख्या गाठण्यास वेळ लागतो. अशांसाठी प्रारंभी सामायिक माहिती व पुढे स्वतंत्र माहिती असा मार्ग व्यवहार्य ठरतो.

मराठी मजकुराचा प्रश्न

बहुतेक स्पॅम-नियम इंग्रजी मजकुराच्या आधारे तयार झाले आहेत. म्हणून मराठी पत्रव्यवहार करणाऱ्या संस्थेने काही बाबी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.

पहिली बाब भाषेच्या निवडीची. स्पॅमअसॅसिनमध्ये अक्षरसंचावर आधारित एक जुनी निवड आहे. तिच्यात पाश्चात्त्य, जपानी, कोरियन, सिरिलिक, थाई व चिनी असे गट आहेत, परंतु देवनागरीसाठी गट नाही. दुसरी निवड ‘टेक्स्टकॅट’ या पूरक भागाची असून ती अक्षरांच्या जुळणीवरून भाषा ओळखते. तिच्या यादीत मराठी, हिंदी, संस्कृत व नेपाळी या देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषा आहेत. परदेशी भाषांतील स्पॅम टाळण्यासाठी एखाद्या व्यवस्थापकाने केवळ इंग्रजी ही भाषा मान्य केली, तर विद्यापीठाच्या मराठी परिपत्रकासही स्पॅमचे गुण पडू लागतात. एकाच लिपीमुळे मराठी मजकूर हिंदी किंवा संस्कृत समजला जाण्याची शक्यता असते. म्हणून संस्थेच्या सर्वसामान्य नियमातच मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी व इंग्रजी या भाषा मान्य ठेवाव्यात. उर्दू, कन्नड किंवा अन्य भाषांत पत्रव्यवहार करणाऱ्यांच्या बाबतीत ही कसोटी त्यांच्यापुरती बंद करणे इष्ट.

दुसरी बाब अक्षरांच्या साठवणुकीची. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘महाविद्यालय’ या शब्दात मात्रा व हलन्त धरून ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट झाले. इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या जुन्या आवृत्त्यांत असे शब्द नीट हाताळले जात नसत. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.० या आवृत्तीत आंतरराष्ट्रीय भाषांतील मजकुराच्या हाताळणीत मोठी सुधारणा करण्यात आली. मराठी पत्रव्यवहारासाठी हीच किंवा यापुढील आवृत्ती वापरावी.

तिसरी बाब जुन्या फॉन्टची. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक मालिका असतो. असा मजकूर ई-मेलमध्ये तसाच चिकटविला, तर वाचकासही तो वाचता येत नाही व भाषा ओळखणाऱ्या कसोटीसही तो मराठी वाटत नाही. येथे प्राप्तकर्त्याच्या निवडीपेक्षा प्रेषकाने युनिकोड वापरणे हाच खरा उपाय होय.

मर्यादा व दक्षता

वापरकर्त्यास निवडीचे स्वातंत्र्य देताना काही मर्यादा पाळाव्या लागतात. वापरकर्त्याने स्वतः नवीन कसोट्या लिहिण्याची सोय स्पॅमअसॅसिनमध्ये मूळतः बंद असते व ती बंदच ठेवावी, कारण चुकीने लिहिलेली एक कसोटी संपूर्ण सर्व्हर संथ करू शकते.

स्वीकार्य प्रेषकांच्या यादीत केवळ पत्ता लिहिणे धोक्याचे आहे. प्रेषकाचा पत्ता सहज बनावट करता येतो. प्राचार्यांचा पत्ता यादीत असल्यास त्यांच्या नावाने आलेले फसवे पत्रही निर्धोकपणे आत येते. म्हणून एसपीएफ किंवा डीकेआयएम या पडताळणी पद्धतींनी सिद्ध झालेल्या प्रेषकासच सवलत देणारी निवड वापरावी. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनेही मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांसाठी अशी पडताळणी बंधनकारक केली आहे. त्यामुळे महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवरही या नोंदी असणे अगत्याचे आहे.

तपासणीस पाठविण्याच्या संदेशाच्या आकारावरही मर्यादा असते. मूळ मर्यादा ५०० केबी असल्याने मोठी छायाचित्रे जोडलेले संदेश न तपासताच पुढे जातात. तसेच व्यक्तीची निवड व तिने शिकविलेली माहिती हा तिच्या पत्रव्यवहाराचाच एक अंश आहे. तो विदागार पाहण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडेच असावा.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वापरकर्तानिहाय स्पॅम-नियंत्रणासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. मुक्त आज्ञावली, तीन स्तंभांचा एक तक्ता, प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी स्वतंत्र तपासणी आणि निवड बदलण्याचे एक साधे पान एवढ्यावर ही रचना उभी राहते. प्रारंभी सर्वांसाठी ५ ही मर्यादा ठेवावी, कोणताही संदेश नष्ट करू नये, मराठीसह आवश्यक भाषा मान्य कराव्यात आणि प्रत्येक प्राध्यापकाने आठवड्यातून किमान एकदा स्पॅम फोल्डर पाहून चुकीने अडकलेली पत्रे परत आणावीत. ही पत्रे शिकविली गेल्यास पुढील चुका कमी होत जातात.

ज्या संस्था स्वतःचा सर्व्हर न ठेवता बाहेरील कंपनीची सेवा वापरतात, त्यांनाही हे तत्त्व लागू पडते. तेथे तक्ता दिसत नाही, परंतु पत्र स्पॅम नसल्याची खूण करण्याची व प्रेषकनिहाय नियम घालण्याची सोय बहुधा असते. कोणते पत्र वाचावे हा निर्णय अंतिमतः वाचणाऱ्याचा आहे. सर्व्हरने मदत करावी, निर्णय मात्र परस्पर घेऊ नये. आलेल्या पत्राचा पत्ताच लागू नये, ही स्थिती टाळणे हाच या संपूर्ण रचनेचा हेतू होय.